"नापास मास्तर" म्हणण्याआधी: टीईटीचा निकाल, शिक्षकांची कामं आणि आपला राग

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षकांच्या पात्रता परीक्षेबद्दलचा, निकाल आला आणि चारच दिवसांनी शिक्षक दिन होता. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एकीकडे गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू चालू होतं आणि दुसरीकडे "आता मास्तरांचाच पेपर", "पोरांना नापास करत होते ना, आता कळेल" असले मेसेज फिरत होते, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसाकडून यायचे. निकालात नक्की काय म्हटलंय ते फारसं कुणी वाचलं नव्हतं, पण शिक्षकांना टोमणे मारायला नवीन निमित्त मिळालंय एवढं मात्र सगळ्यांना कळलं होतं.

तर आधी निकाल समजून घेऊ आणि मग शिक्षकांवरचा हा राग येतो कुठून ते बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो, संस्कार बुडाले, पिढी बिघडली वगैरे कारणं मला पटत नाहीत. शिक्षकाच्या कामाचा जो खेळखंडोबा सरकारनं करून ठेवलाय आणि आपण सगळ्यांनी चालवून घेतलाय, त्यातून हा अनादर येतो असं मला वाटतं.

टीईटी म्हणजे काय

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात असं ठरलं की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्याची किमान पात्रता देशभर एकच संस्था ठरवेल, ती संस्था म्हणजे एनसीटीई, आणि एनसीटीईनं २३ ऑगस्ट २०१० ला सांगितलं की डीएड-बीएड असलं तरी ही परीक्षा पास व्हावीच लागेल. दीडशे मार्कांचा पेपर, सगळे पर्यायी प्रश्न, अडीच तास, पास व्हायला ६० टक्के, आरक्षित प्रवर्गाला थोडी सूट. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. आपल्याकडे पहिली टीईटी २०१३ च्या डिसेंबरात झाली, पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते आणि निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच लागतो.

म्हणजे ही दारावरची परीक्षा आहे, नोकरीत शिरण्याआधी द्यायची. नोकरी लागेलच असंही नाही, त्यासाठी पुन्हा टेट नावाची वेगळी परीक्षा आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ. (टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे कळायलाच उमेदवारांच्या घरच्यांना सहा महिने लागतात.)

मग आधीच आत असलेल्यांचं काय

वाद इथेच आहे. ही अट येण्याआधी जे लागले त्यांना ती लागू आहे का? कोर्ट म्हणालं, आहे. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची किंवा सक्तीनं निवृत्त व्हायचं, निवृत्तीचे जे लाभ नियमात बसतील ते मिळतील. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी उरलीय ते तसेच राहू शकतात, पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू होतो का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवलाय, त्यामुळे तिथलं अजून लटकलेलं आहे.

कोर्टानं हे काही हवेतून काढलेलं नाही. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली होती, ३१ मार्च २०१५ रोजी नोकरीत असलेल्या ज्या शिक्षकांकडे किमान पात्रता नाही त्यांनी चार वर्षांत ती मिळवावी म्हणून. पोरांना चांगलं शिकवणारं माणूस मिळणं हा पोरांचा हक्क आहे, असा त्यामागचा विचार, आणि तो चूक आहे असं कुणीच म्हणणार नाही.

पण शिक्षकाच्या बाजूनं बघा. वीस वर्षं घाटात एसटी चालवणाऱ्या ड्रायव्हरला एक दिवस सांगितलं की लर्निंग लायसनची कॉम्प्युटर टेस्ट नव्यानं द्या, नापास झालात तर घरी बसा, तर त्याला जे वाटेल तेच यांना वाटतंय. सिग्नलच्या खुणा त्याला पाठ असतील-नसतील, त्यावरून गाडी कशी चालवतो ते कळतं का? थोडंफार कळतंही, नाही असं नाही. पण प्रवाशांनी लगेच "म्हणजे इतकी वर्षं हा लायसनशिवायच चालवत होता" अशी बोंब ठोकली तर ते खोटं आहे, कारण तो भरती झाला तेव्हाची लायसनची टेस्ट त्याने दिलेली आहे. २००२ ला लागलेल्या शिक्षकाकडे तेव्हा सरकारनं डीएड मागितलं होतं, ते त्याने दिलं. परीक्षाच अस्तित्वात नव्हती तर तो नापास कशात झाला?

आणि ज्या परीक्षेवरून लायकी मोजायची तिचीही कुंडली बघायला हवी. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन मार्क वाढवल्याचं पुणे पोलिसांनी बाहेर काढलं, परीक्षा परिषदेचे आयुक्तच डिसेंबर २०२१ मध्ये अटक झाले आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवार त्यात निघाले. त्या वेळी शिव्या कुणाला बसल्या? पुन्हा शिक्षकांनाच. "बघा कसले कसले शिक्षक होतात." परिषद चालवणाऱ्यांवर जोक झालेले मला तरी आठवत नाहीत.

"मास्तरांना असतं काय काम"

हे वाक्य एकदाही ऐकलं नाही असा शिक्षक मिळणार नाही. तर एक साधी झेडपीची शाळा घेऊ, पहिली ते पाचवी, पट बेचाळीस. कायद्यानुसार साठ पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पाच वर्ग आणि दोन माणसं, हे झालं सगळे हजर असतानाचं चित्र. त्यातल्या सरांकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आहे आणि ते बीएलओ पण आहेत, म्हणजे गावातल्या मतदार यादीचं काम त्यांच्याकडे, आणि आज तहसीलला मीटिंग आहे. राहिल्या बाई एकट्या.

परिपाठ झाला, पहिलीला अक्षरं गिरवायला दिली, दुसरी-तिसरीला पुस्तकातला धडा काढायला लावला, चौथी-पाचवीसाठी फळ्यावर भागाकार लिहिले, तेवढ्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, अत्यंत तातडीचे, सोबतच्या लिंकवर माहिती दुपारी १२ पर्यंत भरावी, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. माहिती काय, तर किती मुलांचं आधार व्हॅलिड झालं, जी गेल्या महिन्यात दुसऱ्या लिंकवर भरून झालेली आहे. आता ही टाळता पण येत नाही कारण संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हा सरकारचा हिशोब, आधार जुळलेल्या पटावर होतो, एखाद्या पोराच्या आधारात आडनावाची वेलांटी चुकली तर ते पोर वर्गात बसलेलं असूनही मोजणीत येत नाही आणि तेवढ्यानं पद जाऊ शकतं. वर्गात रेंज नाही म्हणून बाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहून माहिती भरतायत. तिकडे खिचडी शिजलीय, ती आधी बाईंनी चाखायची, चव रजिस्टरला नोंद करून सही करायची, मग पोरं जेवणार, मग किती जेवली त्याचा आकडा रोजच्या रोज ॲपवर टाकायचा. पाचवीतला एकजण भागाकार घेऊन मागे मागे फिरतोय, बाकी उरते बाई, बाकी उरते, आणि बाई म्हणतायत थांब रे दोन मिनिटं.

नेमका त्याच वेळी गावातला कुणीतरी गेटवरून जातो आणि त्याला दिसतं काय, बाई मोबाईल घेऊन व्हरांड्यात. संध्याकाळी पारावर विषय तयार, मॅडम दिवसभर मोबाईलवर असतात.

तो खोटं बोलत नाहीये. त्याने जे पाहिलं ते खरंच आहे. शिक्षकाचा अनादर असा तयार होतो असं माझं म्हणणं आहे, आधी त्याला वर्गाबाहेर काढायचं आणि मग वर्गाबाहेर दिसला म्हणून नावं ठेवायची.

कायद्यात हे चालतं का

शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला तीनच बिगर-शैक्षणिक कामं देता येतात, दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. बस. आता यातला "निवडणूक" हा शब्द किती ताणायचा ते ताणणाऱ्यावर आहे, मतदानाचे दोन-तीन दिवस एक गोष्ट झाली आणि मतदार यादीचं काम म्हणजे वर्षभर मागे लागलेला जीव. सुप्रीम कोर्टानंच २००७ च्या डिसेंबरात म्हटलं होतं की मतदार यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावं. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मंगळवारी दुपारी तहसीलमध्ये डोकावलं तर दिसेल.

कोरोनात घरोघरी सर्व्हे केला तो शिक्षकांनी. जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचा सर्व्हे झाला, तेव्हाही ते दारोदार. २०२४ मध्ये सरकारनं शैक्षणिक कामं कुठली आणि अशैक्षणिक कुठली याची यादीच काढली, आणि झालं असं की एखादं काम शैक्षणिक म्हणून यादीत घातलं की ते अशैक्षणिक राहत नाही! पोर्टलवर आकडे भरणं हे शिक्षण आहे का, हा प्रश्न यादीनं सुटला, वर्गात सुटला नाही.

शिक्षकच का सापडतो

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. तलाठ्याकडे चार-पाच गावं, ग्रामसेवकाकडे दोन-तीन. रोज गावात येणारा, लिहितावाचता, सरकारी पगारावरचा आणि नाही म्हणू न शकणारा माणूस प्रत्येक वाडीवर एकच, तो म्हणजे प्राथमिक शिक्षक. त्यामुळे कुठल्याही खात्याला काहीही मोजायचं असलं की शाळेकडे बोट जातं. शिवाय त्याला फुकटात वापरता येतं.

फुकटात म्हणजे कसं? तलाठी दोन आठवडे नसला की सातबारा अडतो, फेरफार अडतो आणि लोक तिसऱ्या दिवशी आमदाराला फोन करतात. डॉक्टर नसला तर पीएचसीला कुलूप लावतात. शिक्षक दोन आठवडे वर्गात नसला तर काहीच अडत नाही, पोरं तर खूशच असतात. नुकसान होतं, पण ते दिसतं चार-पाच वर्षांनी, जेव्हा पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही अशी बातमी पेपरात येते, आणि तोपर्यंत ते दोन आठवडे कुणी, कुठल्या पत्रावर, कशासाठी नेले होते हे कुणाच्याच लक्षात नसतं. बातमीखाली नाव एकाचंच, शिक्षकाचं.

"पण पगार बघा ना"

बघूया. झेडपीच्या कायम प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात २९,२०० पासून सुरू होतं, भत्ते धरून पगार पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो आणि नोकरीच्या शेवटी-शेवटी लाखाच्या आसपास पोचतो. खेड्यात ही मोठीच रक्कम आहे, शेतकऱ्याला ती खुपते यात नवल नाही, दोन वर्षं सोयाबीनला भाव नसलेल्या माणसासमोर "शिक्षकाला पुरत नाही" म्हणायची माझीही हिंमत नाही.

पण त्या पगाराआधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. ही योजना २००० सालची, प्राथमिकला मानधन तीन हजार, मग २०१२ च्या सुमारास सहा हजार, आणि २०२३ ला सोळा हजार. म्हणजे मधली दहा-अकरा वर्षं डीएड झालेला, परीक्षा पास झालेला माणूस घरापासून चारशे किलोमीटरवर सहा हजारात पूर्ण वेळ शिकवत होता. विनाअनुदानित शाळांचं तर विचारूच नका, तिथे वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदानाचे टप्पे पडतात आणि प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानात बसावं लागतं, काहींची निम्मी नोकरी त्यातच गेली. लोकांच्या डोळ्यासमोर मात्र बुलेटवर येणारे लाखवाले सर असतात, बाकीचे दिसतच नाहीत.

"मुख्यालयी राहत नाहीत, घरभाडं मात्र घेतात"

२०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हे विधानसभेत काढलं आणि रान पेटलं. मुद्दा खरा आहे. शिक्षकानं शाळेच्या गावी राहावं असा नियम आहे, पुष्कळ जण राहत नाहीत, गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडं भत्ता घेतात, आणि ठराव देणाऱ्या गावालाही ते माहीत असतं. हा सरळसरळ सगळ्यांनी मिळून केलेला खोटेपणा आहे आणि शिक्षक संघटना त्यावर बोलायचं टाळतात, ते मला पटत नाही. पण ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य सेवक यांचंही थोड्याफार फरकानं तेच आहे आणि गावात भाड्यानं खोली मिळते का, दवाखाना आहे का, हेही बघायला लागेल. त्याच सुमारास सरकारनं वर्गावर्गात "आपले गुरुजी" म्हणून शिक्षकांचे फोटो लावायचा हुकूम काढला होता, डमी शिक्षक, म्हणजे खऱ्या शिक्षकाच्या जागी शिकवणारा भाडोत्री माणूस, ओळखता यावा म्हणून. पोरांना आपले सर कोण ते फोटो बघून कळणार अशी बहुधा कल्पना असावी.

दुसरी तक्रार याला लागूनच येते, यांची स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमला. हे झोंबणारं आहे आणि बऱ्याच अंशी खरं आहे. माझी चुलत वहिनी झेडपीला आहे, तिला मी हे विचारलं होतं. ती म्हणाली, "पाच वर्गांना मिळून मी एकटी काय देऊ शकते ते माझ्याएवढं कुणाला माहितीय?" यावर वाद घालता येईल, पण उत्तर प्रामाणिक आहे.

"पूर्वी मास्तरांना केवढा मान होता"

होता का? याच महाराष्ट्रात १८४८ ला भिडेवाड्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण आणि दगड पडले, त्या जादाचं लुगडं बरोबर न्यायच्या. म्हणजे शिकवणाऱ्याला सरसकट मान होता असं नाही, कोण शिकवतंय आणि कुणाला शिकवतंय यावर तो ठरायचा. नंतरच्या काळात गावात मास्तर हा एकटाच पेपर वाचणारा, पत्र लिहून देणारा, कोर्टाचा कागद समजावणारा माणूस होता, लोकांना त्याची गरज होती आणि मानात त्या गरजेचा वाटा मोठा होता. आता पोरगं मोबाईलवर सगळं काढतं, बापही शिकलेला असतो. जुना मान परत येणार नाही आणि छडीच्या भीतीतला जो भाग होता तो न आलेलाच बरा.

विचारलं तर आपण आजही शिक्षकांना मानच देतो बरं का. वार्की फाउंडेशनच्या २०१८ च्या ३५ देशांच्या पाहणीत शिक्षकांच्या प्रतिष्ठेत भारत आठवा होता. तोंडी मानाला आपल्याकडे कधी तोटा नव्हता. सरकारनंही मार्च २०२४ मध्ये डॉक्टर-वकिलांसारखी शिक्षकांनी नावाआधी "टि" (इंग्रजीत Tr) ही उपाधी लावावी असं ठरवलं आणि त्याच दमात जीन्स-टीशर्ट नको हेही सांगितलं. उपाधी दिली, क्लार्क नाही दिला.

याचा परिणाम कुणावर

चांगली पोरं या धंद्यात येईनाशी होतात, हा खरा परिणाम. एकेकाळी डीएडला नंबर लागावा म्हणून बारावीला ऐंशी टक्क्यांवरची मुलं रांगेत असायची. २०१२ ला भरती थांबली, वर्षानुवर्षं थांबलेलीच राहिली, डीएड कॉलेजं ओस पडली, कित्येक बंद झाली. त्यात वर नोकरी लागली तरी गावभर टिंगल आणि तहसीलचा हुकूम, तर बारावीला चांगले मार्क पडलेली मुलगी कशाला येईल इकडे?

"म्हणजे शिक्षकांना काही विचारायचंच नाही का"

विचारा की, जरूर विचारा, फक्त विचारायची जागा वेगळी आहे. प्रत्येक अनुदानित-सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक लागतात, आणि बहुतेक गावांत ती फक्त सहीपुरती आहे. तिथे जाऊन महिन्याला दोन गोष्टी मागा, सर-बाई या महिन्यात किती दिवस वर्गात होते, आणि नव्हते ते दिवस कुठल्या पत्रावर कुठे गेले. जो कामचुकार आहे तो दोन महिन्यांत उघडा पडेल, तसे लोक आहेतच, प्रत्येक केंद्रात त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. आणि जो कामचुकार नाही त्याच्या हाती पहिल्यांदा काहीतरी लेखी येईल, पालकच विचारतायत साहेब, असं सांगायला.

टीईटीचं म्हणाल तर ५ डिसेंबर २०२५ ला शिक्षकांनी शाळा बंद ठेवून मोर्चे काढले, सरकारनं एक दिवसाचा पगार कापायचं सांगितलं. कोर्टानं दिलेली दोन वर्षं सप्टेंबर २०२७ ला संपतात. अभ्यास रात्री करायचा, कारण मधल्या काळात २०२६ मध्ये जनगणनेची घरयादी आहे आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष डोकी मोजायचीत, आणि त्या कामावर बहुतेक ठिकाणी जाणार आहेत ते हेच लोक.